मामाशी बोलताना

प्रिय लेकीस अनेक आशीर्वाद.

लस म्हणजे औषध कंपन्या आणि सरकारे यांनी मिळून रचलेले कारस्थान आहे, असे मामा छातीठोकपणे सांगतो आणि त्याने पाठवलेला प्रत्येक व्हिडिओ तू घरच्या ग्रुपवर मुद्देसूद खोडून काढतेस, हे मी वाचते आहे. तुझी माहिती बरोबर आहे. पण चारचौघांत तोंडघशी पडलेला माणूस मत बदलत नाही, तो आपली वाहवा करणाऱ्यांकडे अधिकच सरकतो. म्हणून हा विषय ग्रुपवर काढू नकोस, त्याला फोन कर.

फोनवरही आधी त्याचे ऐकून घे. हे त्याला पहिल्यांदा कधी पटले, ते विचार. काम सुटल्यानंतर तो रात्ररात्र व्हिडिओ पाहू लागला आणि त्याच दिवसांत, इतरांना न कळलेले काहीतरी आपल्याला कळले आहे, हे समाधान त्याला मिळाले. ते हिसकावून घेतल्यास तो चिडणारच.

त्याचा संशय मुळातच वेडगळ आहे, असेही म्हणू नकोस, कारण ते खरे नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, त्यावरचे औषध पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही, उपचाराविना ठेवून त्यांचे केवळ निरीक्षण केले. हे मोकळेपणाने मान्य कर आणि मग ते उघडकीस कसे आले, तेही सांग. त्याच खात्यात काम केलेल्या पीटर बक्स्टन यांनी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, त्यांना दाद मिळाली नाही तेव्हा त्यांनी पत्रकारांना माहिती दिली आणि 1972 मध्ये बातमी छापून आली. कागदपत्रे होती, साक्षीदार होते, त्यामुळे शहानिशा करता आली.

आता मामाच्या आवडत्या अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरांना हीच कसोटी लाव. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा त्यांचा 1998 चा लेख अवघ्या 12 मुलांवर बेतलेला होता. लस उत्पादकांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते, हे ब्रायन डीअर या पत्रकाराने शोधून काढले. 2010 मध्ये तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि ब्रिटनमध्ये त्यांची डॉक्टर म्हणून असलेली नोंदणीही रद्द झाली. लपवाछपवीचा मामाला एवढा तिटकारा असेल, तर ही लपवाछपवी त्याला का चालते?

अर्थात हा प्रश्न तू असा टोचून विचारू नकोस (मला मोह आवरला नाही, तो माझा धाकटा भाऊ आहे). एवढेच विचार, “मामा, तुझे म्हणणे चुकीचे असेल, तर ते तुला कशावरून कळेल?” आणि गप्प राहा. तो विषय बदलेल, बदलू दे.

मात्र त्याने स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्याचे बोलण्यात आले, तर ते माझ्यापासून लपवू नकोस. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचे तो अजूनही मुकाट ऐकतो; त्यांच्याकडे मी त्याला घेऊन जाईन.

तुझी,
आई