गंगारामांच्या हॉटेलातल्या त्या गिऱ्हाइकास

दादा, सप्रेम जय भीम.

तुमचं नाव मला माहीत नाही. कोल्हापूर संस्थानच्या कुठल्या दप्तरात ते सापडेल असंही वाटत नाही. पण तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, म्हणून हे पत्र.

गंगाराम कांबळे पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. पुढं शाहू महाराजांच्या पाठबळावर त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याचं हॉटेल म्हटल्यावर कोण फिरकतंय? मग महाराज स्वतः खडखड्यातून, म्हणजे त्यांच्या घोडागाडीतून यायचे, गाडी थांबवून चहा मागवायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पण छत्रपतींनी कप पुढं केल्यावर नको कोण म्हणणार? मला तुम्ही आठवता. खडखडा आला नव्हता त्या दिवशी तुम्ही एकटेच आत शिरला असाल. चहा प्यायलात, पैसे दिलेत, कामाला गेलात. घरी कळल्यावर बोलणी बसली असतील, भावकीत चर्चा झाली असेल. तरी परत आलात. नुसती तलफ आली म्हणून आला असाल, तरी मला तेवढं पुरे आहे.

1919 साली महाराजांनी विहिरी, शाळा, दवाखान्यांत शिवाशिव पाळू नये असे हुकूम काढले. 1920 ला माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, बाबासाहेब आले. या तारखा पोरं शाळेत पाठ करतात, आणि कराव्यातच. पण हुकूम निघाला म्हणून माणसाच्या मनातली किळस जात नाही. ती तुमच्यासारख्यांनी एकेका घोटानं घालवली.

माझ्या आजीच्या गावात आमच्या लोकांचा कप हॉटेलच्या वळचणीला खोचलेला असायचा. कान तुटलेला. आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाला की विसळून परत खोचायचा. आजी ते सांगताना हातानं कप धरून दाखवायची, बोटं अगदी टोकाला.

आज दसरा चौकाजवळ माझी चहाची गाडी आहे. सीपीआर दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक पहाटेपासून येतात. रात्रभर जागलेली माणसं. कुणी माझं आडनाव विचारत नाही. "ताई, दोन कडक" म्हणतात आणि माझ्या हातातून ग्लास घेतात.

तुमची पतवंडं याच शहरात असतील. त्यातलं कुणी रोज माझ्याकडं चहा पीत असेल आणि तुम्ही काय करून गेलात, हे त्यालाही ठाऊक नसेल.

तुमची ऋणी,
दसरा चौकातली चहावाली