मालवणच्या होडीवाल्या दादांना

स. न. वि. वि.

दादा, दिवसाला तुमच्या होडीत माणसं किती चढतात-उतरतात, म्हणून आधी खूण सांगते. डिसेंबरातला रविवार, सिंधुदुर्ग किल्ल्याची सकाळची फेरी आणि भर उन्हात राखाडी स्वेटर घालून बसलेली वॉकरवाली आजी. ती माझी आई, वय 81. आम्ही इंदूरचे. धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी बदलीवर मालवणला आला, तेव्हापासून आईचा एकच धोशा होता, त्याचं बिऱ्हाड बघायचंय आणि महाराजांचा पाण्यातला किल्ला बघायचाय.

आमच्याकडे समुद्र नाही. होडी म्हणजे महेश्वरची, अहिल्याघाटावरून नर्मदेत एक चक्कर मारून आणणारी. गुडघे गेल्यापासून आईची तीही सुटली होती. खरं सांगायचं तर आदल्या रात्री रस-घावणे खाता खाता मी आणि भावजयीने हळूच ठरवून टाकलं होतं, आईला भाचीजवळ घरी ठेवायचं आणि आपण जाऊन यायचं. आम्हीही काही फार चांगल्या नव्हतो.

त्याला कारणही घडलं होतं. त्याच दिवशी दुसऱ्या एका किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवणाऱ्याने आईकडे बघून मला सुनावलं, "असल्या माणसांना कशाला घेऊन येता? पडल्या-बिडल्या तर?" आगाऊ दिलेले पैसे मागितले तर म्हणे, ते परत मिळत नसतात. म्हणजे म्हातारी नको, तिचे पैसे चालतात! आई शेजारीच उभी होती. तिला ऐकू उत्तम येतं, पण हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. इंदूरलाही तीच तऱ्हा. बँकेत खातं तिचं, सही तिची, आणि खिडकीतला पोरगा विचारणार मला, "यांना दिसतं का नीट?"

तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. जेट्टीच्या दोन पायऱ्या खाली उतरलात, मान वर करून तिच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आजये, भियाव नको."

आता इंदुरात काय, रिक्षावाल्यापासून पोहेवाल्यापर्यंत जो तो दुसऱ्याला 'भिया', म्हणजे भैया, म्हणतो. आईचा चेहरा असा खुलला! माझा हात दाबून म्हणाली, "अगं, हा तर आपल्याकडचाच निघाला." आणि जी बाई सकाळपासून "मी नाही बाई, मी इथेच बसते" म्हणत होती, तिने वॉकर माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात तुमच्यापुढे केले.

लाट खाली बसायची वाट बघून तुम्ही तिला अलगद आत घेतलंत, तेवढ्यात डाव्या पायातली चप्पल निसटून होडी आणि जेट्टीच्या फटीत गेली. दोघं-तिघं हसले. मीच म्हटलं, "जाऊ दे, दुसरी घेऊ." पण ती चप्पल तशी नव्हती हो. मागच्या वर्षी पडल्यापासून आईचा डावा पाय सुजलेला असतो, त्याला तेवढी एकच चप्पल होते. आई काही बोलली नाही. उघडा पाय तिने हळूच साडीखाली ओढून घेतला.

तो पाय तुम्ही पाहिलात. मी, तिची मुलगी, पाहिला नव्हता.

बांबूने चप्पल काढलीत, इथवर ठीक, कुणीही काढली असती. मग तुम्ही स्वतःची पिण्याच्या पाण्याची बाटली उघडलीत आणि निम्मी त्या चपलेवर ओतलीत. पट्टा उलटा करून आतला अस्तराचा भागही धुतलात. मी बघतच राहिले, तर म्हणालात, खारं पाणी आत वाळलं की पट्टा कडक होतो, आजीचा पाय सोलवटेल. खांद्यावरच्या पंचाने पुसून इंजिनाच्या खोक्यावर उन्हात पालथी ठेवलीत. किल्ल्याशी उतरताना खाली बसून तिच्या पायात घातलीत. ती "अरे लेकरा, पायाला हात नको लावूस" म्हणत राहिली आणि तुमचं आपलं एकच, घट्ट तर होत नाही ना?

किल्ला छानच. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, याचं आईला फार कौतुक. 25 नोव्हेंबर 1664 ला पायाभरणी झाली, हे भाचीने शाळेत पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. आई आतल्या मारुतीपाशीच टेकली. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात आम्ही जाऊन आलो, तिला सगळं वर्णन करून सांगितलं. तर ही म्हणते, "महाराजांना दाढी नाही? आणि टोपी कोळ्यासारखी?" पुढे दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघितल्या. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबावेत वाकून बघताना मला तुमची निम्मी रिकामी बाटली आठवली. दुपारपर्यंत तुम्हाला अजून किती फेऱ्या मारायच्या होत्या कोण जाणे.

निघताना भावाने जास्तीचे पैसे पुढे केले, ते तुम्ही घेतले नाहीत. आईने पिशवीतला शेवेचा पुडा दिला, तो मात्र घेतलात आणि तिथल्या तिथे फोडून पोरांना वाटलात. तिला त्याचंच जास्त बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात भाऊ इंदूरला येतोय. परत जाताना त्याच्याबरोबर दोन किलो शेव पाठवते, एक लवंगेची, एक लसणाची. तो जेट्टीवर आणून देईल, नाही म्हणू नका. आईचा निरोप आहे की इंदूरला आलात की घरी उतरायचं, आणि तुमचं मूळ घर इथल्या कुठल्या मोहल्ल्यातलं ते कळवायचं. मालवणीत 'भियाव नको' म्हणजे 'घाबरू नको', हे भावाने मला त्याच दिवशी सांगितलं. आईला आम्ही कुणी अजून सांगितलेलं नाही.

आपली,
राखाडी स्वेटरवाल्या आजींची मुलगी, इंदूर