बारा मिनिटंही लाल!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणतं यंत्र किती वेळ बंद होतं याचा महिन्याचा तक्ता करणं हे माझं काम. पूर्वी नोंदी हाताने भरायचो. आता नव्या प्रणालीतून तयार अहवाल येतो, तो मी एक्सेलमध्ये घेतो. आठ तासांच्या वरची नोंद आपोआप लाल व्हावी असा नियम लावला, तर वरपासून खालपर्यंत अख्खा रकाना लालेलाल. 12 मिनिटांची नोंदसुद्धा! साहेबांनी विचारलं, “महिनाभर काही चालू होतं की नाही?”

चूक सापडायला दुपार गेली. अहवालात वेळ ‘2 तास 15 मिनिटे’ अशी येते. वाचायला छान, पण एक्सेलच्या लेखी तो नुसता मजकूर, आणि तुलना करताना मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. खूण समोरच होती. आकडे चौकटीत उजवीकडे जातात, हे सगळे डावीकडे चिकटलेले. रकान्याची बेरीजही 0 येत होती. फॉरमॅट बदलून ‘टाइम’ केलं, पण फरक शून्य.

एक्सेलमध्ये एक दिवस म्हणजे 1. त्या हिशेबाने तास 1/24, मिनिट 1/1440, आणि सव्वादोन तास 0.09375. म्हणून नियमातली मर्यादाही 8/24 अशी द्यावी लागते. नुसते 8 लिहिले तर ते आठ दिवस होतात आणि काहीच लाल होत नाही (हेही करून झालं).

मग मी हुशारी केली. सब्स्टिट्यूट (एका शब्दाच्या जागी दुसरा घालणारं सूत्र) वापरून ‘तास’च्या जागी दोन टिंबं घातली, ‘मिनिटे’ पुसलं आणि उरलेल्या 2:15 ला 1 ने गुणलं, म्हणजे मजकुराचा आकडा होतो. जमलं! पुढची नोंद ‘45 मिनिटे’. तिच्यात तास नव्हताच, त्यामुळे उरले नुसते 45, म्हणजे 45 दिवस. एक पट्टा बदलायला 1080 तास! ‘1 मिनिट’वर तर सूत्रच अडलं, कारण मी पुसायला सांगितलं होतं ‘मिनिटे’. 27 तास 30 मिनिटांच्या नोंदीला टाइमव्हॅल्यू (मजकुरातली वेळ आकड्यात आणणारं सूत्र) लावून पाहिलं, तर त्याने पूर्ण दिवस गिळून 3:30 हातात ठेवले. सर्वांत जास्त वेळ बंद राहिलेलं यंत्र तेवढं लाल झालं नाही.

शेवटी तास आणि मिनिटं दोन वेगळ्या रकान्यांत काढली. जिथे तास नाही तिथे 0 धरला, तासांना 24 ने आणि मिनिटांना 1440 ने भागून बेरीज घेतली. आता लाल व्हायचं तेच लाल होतं. पण अहवालातला शब्द कुणी ‘मिनिटे’चा ‘मि.’ केला की माझी पुन्हा तीच कसरत.

एक्सेलबद्दल माझी तक्रार नाही. आहे ती असे अहवाल बनवणाऱ्यांबद्दल. प्रणालीने कालावधी मोजला तेव्हा तिच्याकडे आकडाच होता. त्याला शब्दांत सजवायचं आणि आम्ही ते शब्द सोलून आकडा परत काढायचा, हा उद्योग कशासाठी? ‘2 तास 15 मिनिटे’ खुशाल छापा, पण शेजारच्या रकान्यात नुसते 135 द्या आणि वर ‘मिनिटे’ असं शीर्षक टाका. आमच्या अहवालात यंत्राचा क्रमांक एकाच ओळीत तीनदा येतो, तेव्हा जागेची अडचण नसावी.

आपला,
यंत्रांच्या नोंदी ठेवणारा एक वाचक