ती परत का जाते, हे कथेत दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बिघडलेल्या नात्यावरची कथा आली, की पुढच्या आठवड्यात वाचकपत्रांचे दोन सूर ठरलेले असतात. एक म्हणतो, पोराबाळांच्या हाती पडणाऱ्या पेपरात हे कशाला? दुसरा म्हणतो, एवढं सोसून बाई तिथंच राहते, ही काय कथा झाली? पहिला सूर बाजूला ठेवता येईल. पोरांच्या हातातल्या मोबाईलमध्ये याहून पुष्कळ वाईट असतं, आणि ते समजावून सांगणारं कुणी नसतं. दुसरा सूर मात्र नीट ऐकायला हवा, कारण बहुतेक वेळा तो कथेतल्या खऱ्या दोषावर बोट ठेवतो. ती का राहते हे वाचकाला कळलं नाही, याचा अर्थ लेखकानं ते लिहिलेलंच नाही.

आपल्या बेळगाव भागात कथा लिहिणारे कमी नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि कथाकथनाला मांडव भरलेला असतो. पण मांडवात हशा पिकवणारी कथा चालते. वासनेची, संशयाची, एकमेकांना कुरतडणाऱ्या दोघांची कथा तिथं उभी राहत नाही, कारण ती एकट्यानं वाचायची असते. तिला जागा दोनच, पुरवणी आणि दिवाळी अंक. म्हणून पुरवणीत काय छापून येतं याला महत्त्व आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच पानावर होते. पुरुष दारातून आत येतो तोच शिवी हासडत. तिसऱ्या परिच्छेदात थप्पड. पुढं सांगण्यासारखं काही उरतच नाही, नुसती थपडांची संख्या वाढत जाते. असं नातं पहिल्या दिवशी असं नसतं. असतं तर कुणी त्यात पाऊलच टाकलं नसतं. दीड हजार शब्दांची कथा असेल तर निदान पाचशे शब्द चांगल्या दिवसांना द्यावेत, आणि ते मनापासून लिहावेत. पुढं त्याच दिवसांचा पुरावा उलटा फिरणार असतो.

उदाहरणच घ्या. गणपत गल्लीतल्या साडीच्या दुकानात काम करणारी मुलगी. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून सुटलेला तो रोज रात्री गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून उभा. जुलैचा पाऊस कोसळत असतो, तर स्वतःचा रेनकोट काढून तिच्या अंगावर घालतो. दुकानातल्या बायका म्हणतात, किती जीव लावतो गं. "जेवलीस काय?" हा त्याचा पहिला प्रश्न. इथवर वाचकालाही तो आवडला पाहिजे. मग एके दिवशी हिशेब जुळत नाही म्हणून तिला पंधरा मिनिटं उशीर होतो. तो काही बोलत नाही. वाटेत एक शब्द नाही, घरी पोचल्यावरही नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाही. मग पाव किलो कुंदा घेऊन येतो आणि स्वतःच्या हातानं तिला भरवतो. पुढच्या खेपेला तिची पावलं आपोआप भरभर पडतात. दोन महिन्यांनी दुकानात कापड लावणाऱ्या पोराशी ती हसून बोललेली त्याला दिसते आणि प्रश्न बदलतो: "कुणासंगट बोलत होतीस?" आवाज तोच, गाडी तीच, जागाही तीच. दुकानातल्या बायका अजून तेच म्हणत असतात. कथेत एकदाही हात उगारला गेलेला नाही, तरी वाचकाच्या पोटात गोळा येतो.

यामागचं तंत्र लेखकानं समजून घ्यावं. ताण साचतो, उद्रेक होतो, माफी मागितली जाते, मग काही दिवस गोडी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हे चक्र मांडलं. प्रत्येक नातं त्या साच्यात बसतंच असं नाही, पण कथाकाराला त्यातून एक गोष्ट घेता येते. माणूस अडकतो तो त्रासामुळे नव्हे, त्रासानंतर मिळणाऱ्या गोडीमुळे. आणि ती गोडी कधी मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे जास्तच. म्हणून माफीचा प्रसंग उद्रेकापेक्षा ताकदीनं लिहिला पाहिजे. आपले बहुतेक लेखक नेमकं उलटं करतात. भांडण दोन पानं आणि "नंतर त्याने माफी मागितली" हे एक वाक्य. तिचा पाय नेमका जिथं अडकला, तीच जागा मग कथेत कोरी राहते. दीड हजार शब्दांत हे चक्र एकदाच पुरं फिरतं. दोनदा फिरवायचं असेल तर चार हजार शब्द लागतात. नाही तर दुसरा फेरा सारांशासारखा वाटतो.

आता वासनेविषयी. पुरवणीसाठी कथा संपादित होते तेव्हा कात्री पहिल्यांदा इथंच चालते, आणि कथा तिथंच मरते. तिला तो हवा आहे, अंगानं हवा आहे, ही गोष्ट कापली की उरतो तो नुसता जाच. मग वाचक तिला मूर्ख ठरवून मोकळा होतो. उघडंनागडं वर्णन कुणी मागत नाही. पण पावसाच्या सरी, पेटलेली वात, उमललेली कळी हे सगळं आता पुरे. हातातल्या वस्तूंवर भर द्यावा. कितीही साबण लावला तरी त्याच्या नखातलं ऑइल जात नाही, आणि त्या वासानं दुपारी दुकानात घड्या घालताना तिचा हात थांबतो. एवढ्या दोन वाक्यांत तिची ओढ कळते, आणि रात्री भांडण होऊनही ती त्याच्याकडे का वळते हेही कळतं. तिनं पुढाकार घेतला तर घेऊ द्यावा. बाईला इच्छा असणं हा तिचा गुन्हा आणि पुढचा छळ ही त्याची शिक्षा, असा अर्थ निघाला तर कथा फसली.

आपल्या भागाचे तपशील लेखक वापरत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. कथेतला नवरा अजून बसभाड्याचे पैसे अडवून बायकोला घरात ठेवतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आजचा नवरा पैसे अडवणार नाही, आधार कार्ड अडवेल. त्याहून खोल गोष्ट अशी, की आपल्याकडे महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या कितीतरी मुली बेळगाव-खानापुरात दिल्या जातात. अशा मुलीच्या आधारवर माहेरचा पत्ता असेल तर ती रहिवासी ठरत नाही आणि तिला तिकीट काढावं लागतं. पत्ता बदलून आणू म्हणत नवरा वर्षभर चालढकल करतो. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, फक्त "पुढच्या आठवड्यात जाऊया की". राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात जमा होतात. शिधापत्रिकेवर सासू प्रमुख असेल तर सुनेच्या हातात काहीच पडत नाही. आणि जिच्या नावावर येतात, तिच्या खात्याला जोडलेलं सिम कुणाच्या मोबाईलमध्ये आहे? पैशाचा ताबा दाखवायला एवढा एक प्रश्न पुरतो.

पोलीस आणि कोर्ट आणायचं असेल तर माहिती पक्की हवी. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या सासरच्या छळाला जुन्या दंड संहितेचं कलम ४९८ अ लागत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं. पात्रांच्या तोंडी जुना आकडा चालेल, कागदावर चालणार नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही त्यात येतो, आणि लग्नासारख्या नात्यात एका घरात राहणाऱ्या, पण लग्न न झालेल्या बाईलाही त्याचा आधार घेता येतो. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, अशी त्यात अपेक्षा आहे. प्रत्यक्षात फार उशीर होतो, आणि तो उशीर हीच कथेची सामग्री. ती अर्ज देते आणि पुढच्या परिच्छेदात न्याय मिळवते, असं लिहून लेखक तिला पोरकं करतो. शिवाय इथं पोलिसांतली तक्रार सहसा कन्नडमध्ये लिहिली जाते. इथल्या शाळेत शिकलेल्या मुलीला ती वाचता येते. आजऱ्याहून आलेल्या सुनेला येत नाही, आणि वाचून दाखवायला शेजारी उभा असतो तो दीर. नुसत्या या प्रसंगावर दिवाळी अंकाची एक अख्खी कथा उभी राहील.

निवेदन कुणाच्या तोंडी द्यावं, यातही गफलत होते. "मी"मध्ये लिहिणारी नायिका पहिल्या ओळीपासूनच शहाणी असते, सगळं ओलांडून आल्यासारखी बोलते. मग ती त्यात राहिली कशी हे पटत नाही. तृतीयपुरुषी निवेदन, पण तिला त्या त्या क्षणी जेवढं कळतं तेवढंच, हे अधिक साधतं. त्याच्या तोंडून लिहिणं अवघड, पण जमलं तर फार परिणामकारक. कारण आपण काय करतोय हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही आणि वाचकाला दुसऱ्या पानावर कळलेलं असतं. एक पथ्य मात्र पाळावं. लहानपणी त्याचा बाप दारू पिऊन मारायचा, असा खुलाशाचा परिच्छेद घालू नये. त्यानं सगळा गुंता सुटल्याचा भास होतो. आणि छळणारा नेहमी पुरुषच असतो असंही नाही. तुझ्या आजारी आईला बघणार नाही अशी धमकी देऊन नवऱ्याला बांधून ठेवणारी बायकोही लिहिली गेली पाहिजे, तितक्याच काळजीनं.

संवाद आपल्या बोलीत असावेत. येळ्ळूरचं जोडपं भांडताना सदाशिव पेठेतलं बोलायला लागलं, की त्यांच्यातला धाक आणि लाड दोन्ही खोटे वाटतात.

शेवटाबद्दल आपल्याकडे नकळत एक आग्रह असतो, की तिनं बॅग भरून उंबरा ओलांडला पाहिजे. असा शेवट असू शकतो. पण सोडून निघण्याचा काळ बाईसाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात. दारात थांबणारी कथा तो धोका झाकून टाकते. ती परत गेली आणि का गेली हे वाचकाला कळलं, तर ती कथा पराभवाची म्हणून परत पाठवू नये.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच. शब्दमर्यादा दीड हजारच ठेवायची असेल, तर अशी कथा लागोपाठ दोन रविवारी क्रमशः छापावी. काटछाट करायची झाल्यास लेखकाला आधी विचारावं, आणि ओढीची वाक्यं कापण्याआधी निसर्गवर्णनं कापावीत. कथेखाली चौकटीत महिला हेल्पलाइन १८१, आपत्कालीन ११२ आणि अडचणीतल्या महिलांना मदत करणाऱ्या सांत्वन केंद्रांचा उल्लेख द्यावा; या कथा वाचणाऱ्यांत कुणी ना कुणी तशाच घरात बसून वाचत असतं. कथास्पर्धेच्या नियमांत "कौटुंबिक वाचनास योग्य" अशी अट असते, ती या वर्षापासून काढावी. त्या अटीमुळे लेखक पाठवण्याआधीच स्वतः कात्री लावतात, आणि परीक्षकांपर्यंत पोचतात त्या पहिल्या पानावर थप्पड असलेल्या कथा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कथावाचक
शहापूर, बेळगाव