'कशातच जीव लागंना' हे लिहिता यायला हवं

महोदय,

मी निवृत्त मराठी शिक्षिका. सध्या ओळखीच्या दोन समुपदेशकांना ईमेल लिहून देते. ज्यांनी आपणहून पत्ता दिलाय, त्यांनाच ते महिन्यातून एकदा जातात. पहिला मसुदा हाती आला तेव्हा त्यात 'भावनिक स्वास्थ्याच्या प्रवासात आम्ही आपल्या सोबत आहोत' असं वाक्य होतं. लाल पेन काढावंच लागलं! आपल्याकडचा माणूस 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. तो म्हणतो, 'कशातच जीव लागंना', 'छातीत नुसतं धडधडतंय'. मग आम्ही सुरुवात बदलली: 'पहाटे तीनला जाग येते आणि परत डोळ्याला डोळा लागत नाही, असं होतंय का?' एका बाईंचं तासाभरात उत्तर आलं, 'होय. कधी येऊ?'

विषयाच्या ओळीवर मात्र आमचा बराच खल झाला. घरात फोन एक, बघणारे चार. वर 'समुपदेशन' दिसलं की सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत चौकशा सुरू. म्हणून तिथे फक्त 'या महिन्याचं पत्र'. कुणाचा अनुभव नाव बदलूनही घालत नाही. कोल्हापुरात पेठ आणि तालीम सांगितली की माणूस कळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय, तो काय उगाच नाही.

पत्राखाली सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक असतो. तिथे मराठीतून बोलता येतं. आपल्या दैनिकानंही तो रोज एका कोपऱ्यात छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर