भावोजींच्या इंजेक्शनबद्दल

प्रिय दिन्या,

भावोजींचे रिपोर्ट पाहिले, मणक्याच्या दुखापतीवर मूलपेशींची (स्टेम सेलची) इंजेक्शनं देऊ म्हणणाऱ्या त्या क्लिनिकचं माहितीपत्रकही वाचलं. पैसे भरू नकोस. ताईला हे समजावणं तुझ्याच गळ्यात पडणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नसांभोवतीच्या पेशींचं काम कसं चालतं ते बघ. मज्जातंतूवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त थरांचं, वेष्टण असलं की संदेश सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे धावू शकतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूत तो मीटर-दोन मीटरवर रखडतो. हे वेष्टण तंतू स्वतः बनवत नाही. हातापायांत ते काम श्वान पेशी (हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्रा नव्हे) करतात, मेंदूत आणि मज्जारज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी.

प्रयोगशाळेत श्वान पेशी वाढवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. उंदराच्या पिल्लाच्या मांडीतल्या नसेतून त्या काढायच्या, सोबत आलेले फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) मारायचे (नाहीतर तेच सगळी डिश बळकावतात) आणि न्यूरेग्युलिन, फोर्स्कोलिन ही वाढीला चालना देणारी द्रव्यं देत राहायचं. डिश भरून जाते. पण मायलिन? टिपूसभर नाही! वाढायच्या नादात असलेली पेशी वेष्टण करत नाही. आधी तिची वाढ थांबावी लागते, जिवंत तंतू भेटावा लागतो, त्या तंतूनं आपल्या पृष्ठभागावरून तिला इशारा द्यावा लागतो. एवढं करूनही क जीवनसत्त्व नसेल तर सगळं मुसळ केरात. रिचर्ड आणि मेरी बंज या संशोधकांच्या गटानं हे १९८७ साली दाखवलं: त्याच्याविना पेशीभोवतीचा आधारपटल (तिला आधार देणारा पातळ थर) तयार होत नाही आणि मायलिनही होत नाही. आपल्या आवळ्यातलंच ते, पण म्हणून भावोजींना मोरावळ्याच्या बरण्या पाठवू नकोस.

ऑलिगोडेंड्रोसाइटची तऱ्हा निराळी. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तिला प्लास्टिकचे निर्जीव धागे दिले, तर ती त्यांनाही गुंडाळू लागली. धागा साधारण ०.४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की झालं. मला अजूनही याची गंमत वाटते.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत मायामीमध्ये २०१२ साली रीतसर परवानगी घेऊन मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली. रुग्णाच्याच पायातली नस काढून, तिच्यातल्या श्वान पेशी काही आठवडे वाढवून, लाखांच्या संख्येनं मज्जारज्जूत सोडल्या. सहा रुग्णांत एवढंच पाहायचं होतं की अपाय होतो का. झाला नाही. पण कोणी उठून चालायलाही लागलं नाही, आणि त्या संशोधकांनी तसा दावाही केला नाही. ज्यांनी उभं आयुष्य यात घातलं ते इतकं जपून बोलतात, आणि हे माहितीपत्रक ‘तीन इंजेक्शनांत हालचाल’ म्हणतं! कुठल्या पेशी, कशा वाढवल्या, याचा एक शब्द नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मणक्याच्या दुखापतीसाठी मूलपेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. त्या क्लिनिककडे सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक माग. बघ काय बोलतात ते.

त्या पैशांत चांगला फिजिओ लाव, हवेची गादी घे. पाठीवर जखम होऊ न देणं आणि लघवीचा संसर्ग टाळणं, सध्या यालाच जपा. ताई रडेल, चिडेल, मला शिव्याही देईल. देऊ दे. रविवारी दुपारी मी तिला फोन करतो, तोवर आगाऊ रक्कम तेवढी थांबव.

तुझा,
अव्या