खेळाडूचा बुडालेला रोज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत फुटबॉल आणि कबड्डीच्या स्पर्धांचे फलक झळकू लागतात, बक्षिसांच्या रकमाही वाढत आहेत आणि त्याचा आनंदच आहे. मात्र मैदानावर जायबंदी झालेल्या खेळाडूच्या औषधपाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा भार कोणी उचलायचा, याविषयी त्या फलकांवर एक ओळही नसते. नेमक्या याच प्रश्नावरून सव्वाशे वर्षांपूर्वी रग्बीचे दोन खेळ झाले.

उत्तर इंग्लंडमधील रग्बीपटूंत गिरण्यांचे आणि खाणींचे कामगार पुष्कळ होते. सामन्यासाठी खाडा झाला की त्यांची मजुरी कापली जाई. ती भरून देऊ द्यावी, ही तिथल्या क्लबांची मागणी हौशी खेळाच्या शुद्धतेचे कारण सांगून फेटाळली गेली, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी त्यांनी हडर्सफील्ड येथे वेगळी संघटना स्थापन केली. पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा खेळ तिच्यातूनच घडला.

१९०७ मध्ये हा वाद सिडनीत पेटला. दौऱ्यावर जखमी झालेल्या अ‍ॅलेक्स बर्डन या खेळाडूला उपचारांचा खर्च व बुडालेली कमाई देण्यास तिथल्या संघटनेने नकार दिला. बंडखोरांनी नवी संघटना उभारली, तिच्या संस्थापकांत विख्यात क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपरही होता, आणि त्या वेळी सिडनीच्या रग्बीतील सर्वांत मोठे नाव असलेला डॅली मेसेंजर तिला येऊन मिळाला. या एका माणसामुळे नव्या खेळाला प्रेक्षक लाभले. १९११ च्या हंगामात त्याने २७० गुण नोंदवले आणि त्या वर्षापासून सलग तीन वर्षे त्याच्या ईस्टर्न सबर्ब्स संघाने विजेतेपद राखले. जुन्या संघटनेने मात्र आपल्या दप्तरातून त्याची कामगिरीच पुसून टाकली. ती पुन्हा नोंदवली जाण्यास २००७ साल उजाडावे लागले. खेळाडूने हक्काची मजुरी मागितली म्हणून त्याच्यावर असा राग धरणे मला आजही अत्यंत अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा वडगावच्या यंत्रमागावर आठवडाभर राबून रविवारी मैदानात उतरणारी मुले कमी नाहीत. माझ्या शेजारचा असाच एक यंत्रमाग कामगार उपांत्य सामन्यात मनगट मोडून घरी आला. प्लास्टर निघेपर्यंत त्याला तुटलेल्या धाग्याला गाठही मारता येत नव्हती, त्यामुळे मागावर दुसरा माणूस लागला आणि याचा पगार थांबला. आयोजकांनी पहिल्या दिवशी रिक्षाचे भाडे दिले, त्यापुढे विचारपूस केली नाही.

आयोजकांनी प्रवेश शुल्क आणि देणग्यांतील ठरावीक वाटा जखमी खेळाडूंसाठी राखून ठेवावा, त्याचा उल्लेख स्पर्धेच्या नियमावलीत करावा आणि शक्य तिथे सर्व संघांचा अपघात विमा उतरवावा. देणगीदारांनीही चषकासाठी रक्कम देताना या निधीची चौकशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक,
वडगाव, बेळगाव